हळू लावलेलं दार

१० जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हेच म्हणाला असशील, "कोण गेलं?" कोणी गेलेलं नाही. मी आहे, माझे गुडघे कुरकुरत का होईना पण आहेत, आणि मावशीची जीभ तर ठणठणीत आहे. तुझा पत्ता तिनेच दिला. देताना म्हणाली, "सव्वीस वर्षं तोंड शिवून बसलीस, आता बरं सुचलं?" मी म्हटलं, निवृत्त झालेय, वेळ आहे. ती म्हणाली, वेळ तर तेव्हाही होता. तिच्याशी कोण वाद घालणार!

तर झालं असं. महिन्यापूर्वी इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. माझी आधीची ओळख नाही. चहाचा कप तसाच धरून म्हणाल्या, "तुम्ही पंख्यांच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरीच्या मुलाखती घेतल्यात म्हणे. आमची शेवटच्या वर्षाची पोरं शाळा संपली की कामाला लागणार. मुलाखतीला जातात आणि मान खाली घालून परत येतात. आठवड्यातून दोनदा बसाल का त्यांच्याबरोबर?" मी जरा आढेवेढे घ्यायला हवे होते. पण तुला माहितीये, कोणाला काही शिकवायचं म्हटलं की मला दम निघत नाही. बाईंचा चहा संपायच्या आत मी वार ठरवून मोकळी झाले.

अकरा जण आहेत. प्रयोगशाळेची खोली मिळाली आहे, नळ गळतो, पण दार चांगलं आहे. मी टेबलामागे बसते, ते एकेक करून आत येतात. पहिल्या दिवशी मी कपाळावर हात मारून घेतला. एकाला विचारलं, "स्वतःबद्दल सांग," तर तो इतक्या मोठ्याने सांगायला लागला की शेजारच्या वर्गातला तास थांबला. त्याला सगळे भोंगाच म्हणतात. दुसरी एक आहे, घुमी. नाव विचारलं तर माझ्याकडे पाहिलं, मग गळक्या नळाकडे पाहिलं. मी पुढच्या प्रश्नावर गेले तेव्हा कुठे तिने नाव सांगितलं.

सगळ्यात आधी दार लावायला शिकवलं. आपलं, घरचं. मूठ फिरवून धरायची, दार चौकटीला टेकवायचं आणि मग मूठ हळूच सोडायची. आवाज येता कामा नये. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे तेव्हा तुला मीच शिकवलं होतं, स्टुलावर उभं करून. चार वर्षांचा होतास. जीभ बाहेर काढून मूठ सोडायचास. पोरांनी विचारलं, "बाई, एवढ्याने नोकरी मिळते?" मी म्हटलं, नाही मिळत, पण समोरचा माणूस दचकत नाही. भोंग्यालासुद्धा जमलं.

एक सांगायचं राहिलं. त्या मुलाखतीबद्दल तू जे मनात धरून बसला आहेस, ते तसं नव्हतं. निर्णय मोठ्या साहेबांचा होता. मी एकटी काय करणार होते?

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

ताई


२७ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. मी मोजत नाहीये, पण सतरा दिवस झाले.

माझी फजिती ऐक, तेवढंच तुला बरं वाटेल. कारखान्यात असताना माझी एक गुप्त खूण होती. उमेदवाराची खुर्ची मी मुद्दाम टेबलापासून दोन वीत लांब ठेवायचे. जो आला तसा लांबच टेकला, तो बुजरा. ज्याने आपणहून खुर्ची पुढे ओढली, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. माझं हे शास्त्र मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरांना सांगितलं. एवढंच नाही, अकराही जणांकडून घोटून घेतलं.

गेल्या आठवड्यात त्यातले पाच जण एका मोठ्या गोदामात गेले, माल लावायच्या कामासाठी. पहिला आत गेला, खुर्ची पुढे ओढली. दुसरीने ओढली. तिसऱ्याने ओढली. व्यवस्थापक दर वेळी उठून ती मागे नेऊन ठेवायचा. चौथा आपला भोंगा. त्याने ओढायची म्हणून इतकी जोरात ओढली की बस्स. त्या खुर्चीखालची फरशी फुटलेली होती रे! खड्डा झाकायला म्हणून बिचाऱ्याने खुर्ची तिथे ठेवली होती. भोंग्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि तो खुर्चीसकट आडवा.

व्यवस्थापकाचा शाळेत फोन. मुख्याध्यापिका बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "बाई," तो म्हणाला, "तुमच्याकडे नोकरीसाठी तयार करतात की सामान हलवायला?" मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागितली असेन, आणि तीही एका खुर्चीसाठी. पण गंमत बघ, त्याने दोघांना घेतलं आणि त्यातला एक भोंगा. जमिनीवर पडल्या पडल्या हा म्हणे खदाखदा हसला आणि म्हणाला, "साहेब, हा खड्डा मी पहिल्याच दिवशी बुजवतो." हे काही मी शिकवलेलं नव्हतं. घरी येऊन मी खूप वेळ त्या खुर्चीचाच विचार करत बसले. तीस वर्षं मी किती लोकांची मापं त्या दोन वितींवरून काढली असतील, कुणास ठाऊक.

घुमीला मात्र तिसऱ्यांदा नकार आला. तिन्हीकडून एकच शेरा: उत्तर द्यायला वेळ लावते. तिला या शाळेनंतर काम नाही मिळालं तर मामाच्या गावी धाडणार आहेत, त्याची तीन मुलं सांभाळायला. हे तिनं सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन गेले, ते टिंग करून वाजणारं. प्रश्न विचारला की तीन सेकंदांत तोंड उघडायचं, असा नियम केला. पोरगी हुशार आहे, जमेल तिला. मी जमवूनच घेणार.

आणि हो. मागच्या पत्रात लिहिलं ना, निर्णय साहेबांचा होता म्हणून. त्यांनी मला विचारलं होतं. एवढं लिहून ठेवते.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र लिहितेय, पण आज पेटीत टाकणार नाही. का ते कळेल.

शुक्रवारी बाईंनी नवीन जागांची यादी दिली. तिसऱ्या ओळीत होतं: चष्म्याच्या काचा घासून तयार करण्याचं वर्कशॉप, शिकाऊ कारागीर, जागा एक, मुलाखत वर्कशॉपचे प्रमुख घेतील. खाली पत्ता. तो मी दोनदा वाचला. महिन्यात दोनदा तोच पत्ता मी स्वतःच्या हाताने पाकिटावर लिहिला होता, आणि तिथला प्रमुख तू आहेस हे मावशीने सांगितलं होतं.

यादीतली ही ओळ खोडून टाकावी असं वाटलं. खोटं कशाला बोलू, पेन्सिल हातात घेतली होती. तेवढ्यात घुमी माझ्या मागे उभी. तिने यादी वाचली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. 

मी म्हटलं, "चल, सराव करू. चष्म्याचंच काम का हवं?" आणि घड्याळ लावलं. तीन सेकंद झाले, टिंग. तिने घाईघाईने काहीतरी पाठ केलेलं सांगितलं, मला माणसांत काम करायला आवडतं वगैरे. मी म्हटलं, पुन्हा. टिंग. पुन्हा. टिंग. सहाव्या वेळी तिने ते घड्याळ उचललं, पालथं करून टेबलावर ठेवलं आणि रडायला लागली. आवाज न करता, माझ्याकडे बघत बघत.  

मग ती आपणहून बोलली. म्हणाली, "तिसरीपर्यंत मला वाटायचं, बाई फळ्यावर नुसता हात फिरवतात. सगळ्याच बाईंना तशी सवय असते असं वाटायचं. मग चष्मा लागला आणि कळलं, तिथे लिहिलेलं असतं. माझा चष्मा कोणी बनवला ते मला माहीत नाही. पण कोणीतरी बसून नीट बनवला ना." मग नळाकडे बघितलं आणि म्हणाली, "हे मला सांगायचं असतं. पण आधी शब्द मनात लावून घ्यावे लागतात."

धाकट्या, ती बोलत होती आणि मला तू दिसत होतास.

आता लिहूनच टाकते. तू कारखान्यात मुलाखतीला आलास त्या दिवशी साहेबांना मी आधी सांगितलं होतं की हा माझा भाऊ आहे, मी बाहेर बसते. ते म्हणाले, "बसा हो, तुमच्यावर विश्वास आहे." तुझ्या आधी मी बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा दोघं कारकून बोलत होते: आता काय, बहीणच बसलीय आत, ठरलेलंच आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आत येऊन मी तुला विचारलं, "आपलं नाव?" तू हसलास. तुला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी विचारलं, "इथेच नोकरी का हवी आहे?" आणि तू गप्प झालास. माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, सगळे बघताहेत, आता हा काहीतरी घरचं बोलणार. तू तोंड उघडत होतास तेवढ्यात मी म्हटलं, "ठीक आहे, पुढचा प्रश्न."

तू गेल्यावर साहेब म्हणाले, "हात चांगला आहे मुलाचा. मला पसंत आहे. तुम्ही म्हणाल तसं." आणि मी लिहिलं: उत्तर देण्यास विलंब. शिफारस नाही. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. निर्णय त्यांचा नव्हता रे. माझा होता, माझ्या एकटीचा, आणि मी तो तुझ्यासाठी नाही, त्या दोन कारकुनांसाठी घेतला. संध्याकाळी तू विचारलंस, "ताई, तू लिहिलंस?" तर मी म्हटलं, "नियम तो नियम." कसला नियम आणि काय! आठवड्याने तू बॅग भरलीस. आई गेली तेव्हा आलास, तेव्हाही खोलीच्या त्या टोकाला उभा होतास आणि मी या टोकाला. मला तेव्हा बोलता आलं असतं. मीच बोलले नाही.

आईला मी कधी खरं सांगितलं नाही. तिला वाटायचं तू तापट आहेस. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

ताई


१७ फेब्रुवारी, सकाळी

उद्या अकराला तिची मुलाखत तुझ्याकडे.

गेल्या आठ दिवसांत मी तुला दोन चिठ्ठ्या लिहून फाडल्या. एकीत लिहिलं होतं, मुलगी गुणी आहे, घे. दुसरीत लिहिलं होतं, माझी विद्यार्थिनी आहे म्हणून तिच्यावर राग काढू नकोस. पहिली वाचून माझीच मला लाज वाटली. दुसरी त्याहून वाईट होती. तू तसं करशील असं मला वाटलं, म्हणजे मी तुला किती ओळखते बघ. शेवटी ठरवलं की मुलाखत होईपर्यंत एक ओळसुद्धा पाठवायची नाही.

घुमीला एवढंच बजावलं, "कोणी शिकवलं असं विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस." तिने का ते विचारलं नाही. ती तशीही कशाला विचारते! तू कोण आहेस हे तिला माहीत नाही.

घड्याळ मी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. खुर्चीचं शास्त्रही मागे घेतलं. तिला सांगितलं, जिथे असेल तिथे बस, विचार कर, मग बोल. समोरचा थांबला नाही तर तो त्याचा दोष. हे ऐकून ती हसली. पहिल्यांदाच पाहिलं मी तिला हसताना, पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले आहेत.

जीव टांगणीला लागलाय. तिच्यासाठी की माझ्यासाठी, मला सांगता येत नाही.


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

काल दुपारी दोन वाजता ती शाळेत आली. मी प्रयोगशाळेत उगाच बाटल्या पुसत बसले होते. ती दार लावून समोर उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, बोल!" आणि लगेच जीभ चावली. तिला नळाकडे बघू दिलं. मग तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. मी असं कोणाचं ऐकून घेतलं असेल की नाही, शंका आहे.

ती म्हणाली, तुझं केबिन छोटंसं आहे, खिडकीपाशी टेबल आहे. ती आत आली, दार लावलं, तेव्हा तू खाली बघून काहीतरी लिहीत होतास. दार लागल्यावर तू वर पाहिलंस. आणि मग खूप वेळ दाराकडेच बघत राहिलास. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. तिने तुला विचारलं, "आपटायचं होतं का?" तू म्हणालास, "नाही. बस."

मग तू पाच काचा तिच्यापुढे ठेवल्यास. म्हणालास, "यातली कोणती परत पाठवशील?" ती म्हणते, सकाळपासून चार जण येऊन गेले होते आणि प्रत्येकाने कोणती ना कोणती काच उचलून दिली होती, कोणी ओरखडा सांगितला होता, कोणी बुडबुडा. हे तिला बाहेर बसल्या बसल्या कळलं होतं. तिने एकेक काच खिडकीच्या उजेडात धरली. फिरवली. खाली ठेवली. पुन्हा घेतली. किती वेळ गेला तिला माहीत नाही, पण तुझा चहा येऊन निवला होता, म्हणाली. तू एकदाही घाई केली नाहीस. शेवटी ती म्हणाली, "एकही नाही. पाचही चांगल्या आहेत. डाग खिडकीच्या काचेवर आहे."

हे ऐकलं आणि मी बाटली खाली ठेवली. दोष काढायचाच म्हणून बसलं की दोष सापडतोच रे. मला नाही का तुझ्यात सापडला होता!

तू म्हणालास, "एक तारखेपासून ये. आठ वाजता." तिला खरं वाटेना. ती म्हणाली, "मी सावकाश बोलते, चालेल का?" तू म्हणालास, "काचेला काय कळतंय."

ती उठली, दारापर्यंत गेली, आणि मग तू विचारलंस. आधी नाही, मग. हे मी तिच्याकडून दोनदा खात्री करून घेतलं. आधी काम दिलंस आणि नंतर विचारलंस, "दार लावायला कोणी शिकवलं?" मला सव्वीस वर्षांत जे समजलं नाही, ते तू कालच्या एका सकाळी करून दाखवलंस. बहिणीचा राग बहिणीपाशी आणि पोरीचं काम पोरीपाशी. मी हे तेव्हा करायला हवं होतं आणि मला ते करता आलं नाही. चुकले मी. तुझं वाईट केलं. हे मी तोंडाने सांगायला हवं, पण आधी कागदावर असू दे, म्हणजे ऐन वेळी मला मागे घेता येणार नाही.

घुमीने माझं नाव घेतलं नाही. शब्दाची पक्की आहे. नुसती उभी राहिली, म्हणे. तूही नुसता बसून राहिलास. दोघं घुमे एका खोलीत! कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मग तू म्हणालास, "नको सांगूस. फक्त निरोप दे." तिने तो निरोप हातावर लिहून आणला होता, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. तळहात माझ्यापुढे धरला.

"त्यांना सांग, आता घरात दार आपटलं तरी चालतं. कोणी झोपलेलं नाही."

घुमी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, नळ दुरुस्त करून घ्यायला हवा या खोलीतला. तिने मान डोलावली आणि खिशातून रुमाल काढून दिला. वेळ लावला नाही अजिबात.

मागची दोन्ही पत्रं आणि हे, तिन्ही एकाच पाकिटात घालतेय. ओळीने वाच. शनिवारी चार वाजता मी येतेय, तुझ्या घरी; घरचा पत्ताही मावशीकडून घेतलाय. नको म्हणायचं असेल तर त्याआधी कळव, नाहीतर मी आलेच म्हणून समज. आत येताना तुझं दार चांगलं धाडकन लावणार आहे, शेजारी जमले तरी चालतील.

आणि मग तू मला त्या प्रश्नाचं उत्तर दे. इथेच नोकरी का हवी, असं मी विचारलं होतं आणि तू तोंड उघडलं होतंस. तू काय सांगणार होतास ते मला कधी कळलं नाही.

हवा तेवढा वेळ लाव. मी काही लिहून घेणार नाही.

तुझी
ताई